अण्णांच्या पुण्यस्मरणाला काय बोलू?

पत्राचा सारांश : पत्रलेखिका अठ्ठेचाळीस वर्षांच्या आहेत, पिंपरी-चिंचवडला नोकरी करतात. त्यांचे वडील, घरातले ‘अण्णा’, गेल्या श्रावणात गेले. माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावात ते ग्रामीण डाकसेवक होते. जोडीला थोडी कोरडवाहू जमीन. पक्के माळकरी, दरवर्षी आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर पायी वारी. निवृत्तीनंतर गावातल्या निराधार म्हाताऱ्यांचे ‘पगाराचे’ अर्ज भरणं, हयातीचे दाखले, तहसील आणि सरकारी दवाखान्याच्या फेऱ्या हेच त्यांचं काम होतं. त्याची एक वही ते ठेवत, ती आता लेखिकेकडे आहे.

गावी असलेल्या धाकट्या भावाला प्रथम पुण्यस्मरण मोठं करायचं आहे. नामवंत कीर्तनकार, दीड हजार माणसांचा महाप्रसाद, वेशीवर अण्णांच्या नावाची कमान, आणि त्यासाठी पतसंस्थेचं कर्ज. पत्रिकेवर ‘कुटुंबवत्सल, निष्ठावंत वारकरी, समाजसेवक’ असं छापायचं ठरलं आहे. त्या दिवशी बोलायचं आणि एक छोटी पुस्तिका लिहायची हे काम लेखिकेकडे आलं आहे. पण ‘कुटुंबवत्सल’ त्यांच्या घशाखाली उतरत नाही. आईच्या गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा अण्णा वारीत नातेपुत्याला होते. आईला विचारलं तर ती एवढंच म्हणाली, “लिही काय लिहायचं ते. पण ते गेले की पेरणी माझ्या गळ्यात असायची, तेवढं कुणी म्हणत नाही.” लेखिकेचा देवावर फारसा विश्वास नाही. त्या विचारतात : खोटं न बोलता कसं बोलू, माझी श्रद्धा नसताना त्यांच्या भक्तीबद्दल मी बोलणं ढोंग नाही का, आणि भावाला कसं आवरू?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही नुसती कंसात टाकली आहे. कॉलेजला असताना दोन पावसाळे, अण्णा वारीला गेले तेव्हा, बदली म्हणून गावाचं टपाल तुम्ही वाटलंत. मला उत्तराची सुरुवात तिथून करावीशी वाटते. ग्रामीण डाकसेवकाला रजेवर जायचं तर तेव्हा आपल्या जागी माणूस द्यावा लागे, आणि त्या माणसाच्या हातून काही चुकलं तर त्याची जबाबदारीही डाकसेवकावरच येई. मनीऑर्डरीचे पैसे, रजिस्टरची पत्रं, शिक्के, हिशेब सगळं दुसऱ्याच्या हाती द्यायचं. मुंबईला राबणाऱ्या माणसाने घरी धाडलेले पैसे त्या पिशवीत असायचे. अण्णांनी ती पिशवी कॉलेजात शिकणाऱ्या मुलीकडे दिली. तीस वर्षांपूर्वी, सायकलवर वाड्या-वस्त्या फिरून टपाल वाटणारी मुलगी तुमच्या गावाने तोवर पाहिली नसेल. आणि आज तुम्ही लिहिता, ‘त्यांच्या भक्तीत किंवा सेवेत माझा काडीचा वाटा नाही, मग मी कोणत्या तोंडाने बोलू?’ ताई, तुम्ही पिशवी घेतलीत म्हणून ते आळंदीला निघू शकले. भाषणात सांगण्यासारखी पहिली गोष्ट तुमच्याकडे आहे, आणि तिच्यात खोटं काही नाही.

आता आईचं वाक्य. ते तुम्हाला लागलं आहे, आणि लागायलाच हवं होतं. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदी सोडते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. तुमच्या भागात मृगाचा भरवसा नसतो. पाऊस पडला तर आर्द्रात, कधी त्याहून पुढे. म्हणजे अण्णा नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण करत बरडकडे चालत असतील तेव्हाच घरच्या रानात वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, यायचा. वाफसा माणसासाठी थांबत नाही. ओल उडाली की पेरणी वाया. म्हणून पेरणीची पाभर मिळवणं, बैलजोडी सांगून ठेवणं, बियाणं काढणं, चाड्यावर मूठ धरणं, आणि घरी दोन लहान लेकरं, हे सगळं त्या अठरा-वीस दिवसांत आईने केलं. एखाद्या वर्षी पाऊस ओढ देऊन गेला तर दुबार पेरणीचा निर्णयही तिनेच घेतला असेल, कारण विचारायला माणूस वाटेवर होता. अण्णांच्या वारीचं पुण्य गाव मोजतं. ती वारी ज्या रानावर उभी होती ते रान कुणी मोजत नाही, एवढंच तिचं म्हणणं आहे.

इथे मला एक नाजूक गोष्ट विचारायची आहे. आईचं वाक्य ऐकून तुम्ही ते अण्णांच्या विरुद्धची साक्ष समजलात. तसं ते आहे का? तिने ‘त्यांनी मला टाकलं’ असं म्हटलेलं नाही. ‘तेवढं कुणी म्हणत नाही’ असं म्हटलं आहे. तक्रार नवऱ्याबद्दल किती आणि गावाबद्दल किती, ते तिला विचारल्याशिवाय कळणार नाही. पुष्कळ घरांत बाईला नवऱ्याच्या वारीचा अभिमानही असतो आणि त्या दिवसांचा शीणही असतो, दोन्ही एकाच वेळी. पंढरपूरजवळच्या अरणच्या सावता माळ्यांची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ते मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, विठ्ठलच त्यांच्या मळ्यात आला असं संप्रदाय मानतो. मळ्यात राबणारा माणूस जर संतांच्या मांदियाळीत बसतो, तर पेरणी करणाऱ्या तुमच्या आईचं नाव पुण्यस्मरणाच्या मांडवात घ्यायला कुणाची हरकत असायचं कारण नाही. कीर्तनकारांनाही ही कथा आधी सांगून ठेवा. चांगला कीर्तनकार तिचा उपयोग नक्की करील.

ऑपरेशनबद्दल मात्र मला तुम्हाला थांबवायचं आहे. तुमच्या पत्रात फक्त दोन गोष्टी आहेत : आई दवाखान्यात होती आणि अण्णा नातेपुत्याला होते. त्यांना कळवलं होतं का? कधी कळलं? तेव्हा मोबाइल नव्हते. चालत्या दिंडीत निरोप पोचवायचा तर पुढच्या मुक्कामावर माणूस धाडावा लागे. आईनेच ‘त्यांना कळवू नका, वारी मोडेल’ असं सांगितलं असेल का? असं सांगणाऱ्या बायका त्या पिढीत थोड्या नव्हत्या. की त्यांना कळलं आणि तरीही ते चालत राहिले? तसं असेल तर मी स्पष्ट म्हणेन की ते चुकले. घरच्या आजारपणाला वारी मध्येच सोडून परतणारे वारकरी दरवर्षी असतात, त्यांना दिंडीत कुणी कमी लेखत नाही. तुम्ही त्या वेळी लहान होतात. लहानपणी अर्धं कळलेलं आपण पुढे आयुष्यभर पूर्ण समजून बाळगतो. आई आज एकाहत्तर वर्षांची आहे, समोर आहे. विचारून घ्या.

विचारताना मात्र ‘अण्णा कसे होते?’ असं विचारू नका. त्यावर ती गावाला देते तेच उत्तर देईल. ‘ते वारीला गेले की सकाळी उठून तू आधी काय करायचीस?’ असं विचारा. भाजी निवडताना, शेंगा फोडताना विचारा, समोर कागद-पेन घेऊन बसू नका. फोनवर आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर आधी तिला सांगा. ती ऑपरेशनचं सांगेल आणि म्हणेल, ‘हे छापू नको,’ तर छापू नका. ते तिचं आहे. भावाला, तुम्हाला, नातवंडांना माहीत असलं म्हणजे पुरे. आणि एक जपा : अण्णांना देव करणं टाळता टाळता आईला देवी करू नका. ‘सोशिक माउली’ म्हणून तिलाही फ्रेममध्ये बसवलं, तर तिने केलेली पेरणी पुन्हा दिसेनाशी होईल. तिने कोणत्या वर्षी कुणाचे बैल आणले, किती पाऊस झाला, बाजरी किती झाली, हे लिहा.

आता ‘कुटुंबवत्सल’. तो शब्द पत्रिकेवर राहू दे की काढू दे यावर भावाशी भांडू नका, पत्रिका कुणी जपून ठेवत नाही. पण अण्णांचं घरावर प्रेम होतं की नाही याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. साताऱ्याला वसतिगृहात ठेवून त्यांनी तुम्हाला शिकवलं. गावातल्या मुली दहावीला थांबत होत्या तेव्हा. दर शनिवारी सकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे तुमचा डबा द्यायचे, आणि रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत आला की नाही हे बघायला पुन्हा थांब्यावर जायचे. डबा आईने भरलेला, पोचवलेला अण्णांनी. त्या माणसाचं प्रेम असं होतं : वेळेवर, नेमाने, फार न बोलता. आणि त्याच माणसाचा नेम घरावर भारही टाकायचा. दोन्ही गोष्टी एकाच स्वभावातून आल्या आहेत. एक सांगायची आणि दुसरी लपवायची, असं केलंत तर ऐकणाऱ्याला अण्णा ओळखू येणार नाहीत.

तुमचा दुसरा प्रश्न श्रद्धेचा. तुम्हाला वाटतं की विठ्ठल न मानणाऱ्या मुलीने वडिलांच्या भक्तीबद्दल बोललं तर ते ढोंग होईल. पण त्या दिवशी तुमच्या श्रद्धेची साक्ष कुणी मागणार नाही. त्यांच्या श्रद्धेने त्यांच्याकडून काय करवून घेतलं, एवढं सांगायचं आहे, आणि ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पहाटे उठून स्नान, गोपीचंदन, हरिपाठ, मग टपाल. एकादशीला उपास आणि तरीही पूर्ण फेरी. गावच्या सप्ताहात विण्याचा पहाटेचा पहारा. पहाऱ्यात वीणा खाली ठेवत नाहीत, पुढचा माणूस येईपर्यंत उभं राहायचं. तो आला की दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं आणि वीणा त्याच्या गळ्यात द्यायची. तुम्ही लिहिता की एकदा पुढचा पहारेकरी आलाच नाही आणि अण्णा उजाडून बराच वेळ झाला तरी तसेच उभे होते, टपालाची वेळ टळू नये म्हणून शेवटी तुमच्या भावाला गळ्यात वीणा घालून उभं केलं. हे जसंच्या तसं सांगा. त्यावर तुमचं मत जोडायची गरज नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही सहज लिहिली आहे, तिला माझ्या मते पुस्तिकेत मोठी जागा हवी. टपाल वाटताना ते प्रत्येक वस्तीत बसायचे आणि मिळेल त्या घरचं पाणी प्यायचे. यावरून भावकीत कुरबुर झाली, तरी त्यांनी ते सोडलं नाही. वारीत सगळे एकमेकांना माउली म्हणतात, वय-जात न बघता पाया पडतात. पण ज्या चोखोबांची समाधी पंढरपूरच्या मंदिरासमोर आहे, त्यांच्या समाजाला त्या मंदिराचं दार १९४७ पर्यंत बंद होतं. त्या वर्षी मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केलं तेव्हा ते उघडलं. वाटेवरची समता गावात परतल्यावर टिकवणं अवघड असतं, हे आपल्याला माहीत आहे. अण्णांनी आपल्या टपालाच्या फेरीत ती टिकवली. ज्या घरांतलं पाणी ते प्यायले त्या घरांतल्या माणसांनाही त्या दिवशी दोन शब्द बोलायला बोलवा, आणि बोलणाऱ्यांच्या यादीत त्यांची नावं वर ठेवा, शेवटी नको.

आता वही. ताई, खरं सांगायचं तर तुमच्या सगळ्या पत्रात मला या वहीची जास्त काळजी वाटली. तुम्ही तिच्यातली एक नोंद उतरवून पाठवली आहे : ‘वरच्या वाडीची म्हातारी. अंगठा उमटत नाही. बुधवारी परत न्यायचं.’ आयुष्यभर खुरपं धरलेल्या हातांच्या रेषा झिजतात आणि यंत्र अंगठा घेत नाही. मग पैसे अडतात आणि बाईला कुणी सांगत नाही की पुढे काय करायचं. अण्णांना ते माहीत होतं. अशा किती नोंदी त्या वहीत अर्ध्यावर राहिल्या आहेत? अण्णांना जाऊन वर्ष होत आलं, म्हणजे काही म्हाताऱ्यांच्या हयातीच्या दाखल्याची मुदत टळून गेलेली असू शकते आणि त्यांचा पगार थांबलेला असू शकतो.

तुम्ही विचारलं आहे की ती वही काचेच्या पेटीत घालून कार्यक्रमात ठेवावी का, पुस्तिकेत तिची पानं छापावीत का. कृपा करून असं करू नका. त्यात लोकांची गरिबी, आजार, मुलांनी टाकल्याच्या गोष्टी नावानिशी आहेत. त्यांनी ते अण्णांना विश्वासाने सांगितलं होतं. नाव-गाव गाळून एखादी ओळ सांगता येईल, तीही ज्याची आहे त्याला विचारून.

त्याऐवजी असं करा. वहीची एक झेरॉक्स काढा. एका रविवारी गावी जाऊन ओळीने बघा : कोण हयात आहे, कुणाचा पगार चालू आहे, कुणाचा बंद पडला. हे पैसे आता थेट बँक खात्यात येतात, त्यामुळे खात्याला आधार जोडलेलं नसेल किंवा नावाच्या अक्षरांत फरक असेल तर तिथेच अडतं, ते आधी तपासा. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या दोन्ही योजनांना सर्वसाधारणपणे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. श्रावणबाळसाठी वय ६५ पूर्ण हवं. उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, रेशनकार्ड, आधार, पासबुक अशी फाइल ज्याची त्याला करून द्या. मग गावात एक माणूस शोधा. कॉलेज झालेली एखादी मुलगी असेल, आशाताई असतील, सेतू केंद्र चालवणारा पोरगा असेल. त्याच्या जाण्यायेण्याचा खर्च तुम्ही द्या, आणि मुदतीच्या तारखा फोनमध्ये लावून तुम्ही चिंचवडहून आठवण करत राहा. दोन पावसाळे तुम्ही बदलीचं काम केलेलं आहे. याला विठ्ठल मानावा लागत नाही.

तुमच्यासारखी पत्रं मला श्रावणात आणि पितृपंधरवड्याच्या आसपास बरीच येतात, म्हणून इतर वाचकांसाठीही सांगते. सेवाभावी माणूस गेला की घरच्यांच्या डोक्यात पहिला विचार ट्रस्टचा येतो. ट्रस्ट काढायचा तर धर्मादाय कार्यालयात नोंदणी, विश्वस्त, दरवर्षी हिशेब-तपासणी हे सगळं मागे लागतं, आणि दोन-तीन वर्षांत उत्साह ओसरला की तो कागदावर उरतो. आधीपासून नीट चालणाऱ्या संस्थेला द्या, ते बरं. आयकराची सवलत हवी असेल तर संस्थेकडे देणगीवर करसवलत देणारी नोंदणी (‘८०जी’) आहे का ते विचारा आणि दोन हजारांवरची रक्कम रोख देऊ नका, रोखीला ती सवलत मिळत नाही. गावच्या जिल्हा परिषद शाळेसाठी लाखभर रुपयांची ठेव ठेवली तर व्याजाचे वर्षाला सहा-सात हजार येतात. तेवढ्यात दोन-तीन मुलींची वह्या-पुस्तकं सहज निघतात. वारकऱ्याच्या घरी तर आणखी सोपी रीत आहे : दिंडीची एक पंगत त्यांच्या नावाने घ्यायची. विणेकऱ्यांना किंवा दिंडीप्रमुखांना विचारलं की ते मुक्काम आणि माणसं सांगतात.

आणि भाऊ. तुमच्या पत्रात त्याच्याबद्दल थोडा राग आहे, ‘गावात मोठेपणा मिरवायचा आहे’ असं तुम्ही म्हणता. असेलही थोडं. पण अण्णा शेवटचे आठ महिने अंथरुणाला खिळून होते आणि ते सगळं भाऊ-भावजयीने केलं, हेही तुम्हीच लिहिलं आहे. त्या आठ महिन्यांत रात्री-बेरात्री उठलेल्या माणसाला कधीतरी गावासमोर ‘मी यांचा मुलगा’ असं म्हणून उभं राहायचं असेल, तर तो मोठेपणा म्हणून झटकून टाकू नका. बोलणी खर्चापासून सुरू केलीत तर ती तिथेच संपतील. आधी भावजयीला आणि त्याला, दोघांना समोर बसवून सांगा की त्यांनी जे केलं ते तुम्ही भाषणात नाव घेऊन सांगणार आहात. मग विचारा, ‘या सगळ्या कार्यक्रमात तुला सगळ्यात जास्त काय हवं आहे?’ बहुधा तो कीर्तन म्हणेल. ते ठेवा. दहा ते बारा कीर्तन, बाराला फुलं, मग प्रसाद, ही रीत चांगली आहे, माणसांना ती समजते. नामवंत कीर्तनकाराऐवजी अण्णांबरोबर वारीत चाललेले, त्यांना ओळखणारे महाराज बोलवा. बिदागीही कमी पडेल आणि बोलण्यात जीव असेल.

जेवणाचं म्हणाल तर केटरर कशाला? सप्ताहाला तुमच्याकडेही घरटी भाकरी गोळा होत असतीलच. तसंच करा. भाकरी गावाची, आमटीची कढई तुमची. ज्यांच्या घरी अण्णांनी टपाल दिलं त्या प्रत्येक घरातून एक भाकरी येणं, यात जो मान आहे तो बुंदीत नाही.

कर्जाला मात्र ठाम नाही म्हणा. गाडगेबाबांनी जन्मभर कीर्तनांतून हेच सांगितलं, कर्ज काढून मेलेल्या माणसाच्या नावाने जेवणं घालू नका, ते पैसे मुलांच्या शिक्षणाला लावा. त्यांनी पंढरपूरला, नाशिकला, मुंबईला धर्मशाळा बांधल्या त्या लोकांसाठी. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. भावाला गाडगेबाबांचं नाव सांगितलंत तर ते तुमच्या तोंडून उपदेशासारखं लागणार नाही, कारण अण्णाही गाडगेबाबांना मानत होते असं तुम्ही लिहिलं आहे. तुमचा हिस्सा किती, तो आकडा आधीच सांगून टाका आणि त्यात बसेल तेवढाच कार्यक्रम करा. कमानीबद्दल माझं मत सरळ आहे : नको. ग्रामपंचायतीचा ठराव, रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्या खात्याची परवानगी, पुढे तिची डागडुजी, आणि गावातल्या दोन गटांत ‘यांचीच का’ हा वाद. हयातभर भांडणं मिटवणाऱ्या माणसाच्या नावाने नवं भांडण कशाला? भाऊ हट्टालाच पेटला तर टपाल कार्यालयाच्या किंवा एसटीच्या थांब्यावर एक बसायचं बाकडं सुचवून बघा, त्यावर नाव कोरता येतं.

भाषण आठ-दहा मिनिटांचं ठेवा. आधी गावातल्या पाच-सहा जणांना एकच प्रश्न विचारा : ‘अण्णांनी तुमचं शेवटचं काय काम केलं?’ गुणांची यादी करू नका. त्यांचा वारीतला एक दिवस सांगा आणि त्याच दिवशी घरी काय चाललं होतं ते सांगा. रात्री मुक्कामाला दिंडीतल्या म्हाताऱ्यांच्या पायांना तेल लावणारे अण्णा आणि त्याच रात्री उद्याच्या पेरणीचं बियाणं निवडत बसलेली आई. मग टपालाची पिशवी आणि तुम्ही. मग भाऊ-भावजय आणि ते आठ महिने. शेवटी ‘असा माणूस पुन्हा होणे नाही’ हे वाक्य मात्र टाळा. ते ऐकलं की सगळे हळहळतात आणि निश्चिंत होऊन घरी जातात. त्याऐवजी सांगा की वहीतल्या कामांसाठी दर महिन्याच्या अमुक रविवारी अमुक ठिकाणी बसणार आहोत, ज्यांचा पगार अडला आहे त्यांनी कागद घेऊन यावं. तारीख, वेळ, जागा तीनदा सांगा. मांडवात मागे बसलेल्या म्हाताऱ्यांना पहिल्यांदा ऐकू येत नाही.

एक शेवटचं, आईच्या संदर्भात. इतक्या वर्षांत ती पंढरपूरला गेली आहे का, हे तुमच्या पत्रात कुठे नाही. आषाढीला तर ती जाऊ शकली नसणार, तेव्हा रानात होती. तिला विचारा, जायचं आहे का. आषाढीची गर्दी तिला झेपणार नाही, माघी किंवा चैत्री बघा, नाहीतर वारी नसलेला कुठलाही साधा आठवडा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. तुम्ही मंदिराबाहेर थांबलात तरी चालेल. आणि ती ‘मला नाही जायचं’ म्हणाली, तर का ते विचारू नका. त्या दिवशी ती म्हणेल तिकडे तिला घेऊन जा.